शेजारची सावली

मराठीत सावली या शब्दाला वाईट वळण जवळजवळ नाहीच. वडिलांची सावली, मायेची सावली, वाटसरूला सावली. एखाद्याचा आधार तुटला की त्याच्या डोक्यावरची सावली गेली असे आपण म्हणतो. देशच उन्हाचा, तेव्हा हे साहजिक आहे. पण घरामागे चार हात जमीन असली, तिच्यात चार फुलझाडे लावली, आणि कुंपणापलीकडच्या माणसाचे झाड मोठे झाले, की याच शब्दाची चव बदलते. "त्यांच्या झाडाची सावली येते हो आमच्याकडे," हे वाक्य मी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांतल्या एकाच्याही आवाजात कृतज्ञता नव्हती.

आमच्याकडे येणारी सावली आंब्याची आहे. आमचे घर पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या वस्तीत. दक्षिणेला छातीएवढी भिंत, आणि भिंतीला लागून शेजारच्या काकांचा रायवळ आंबा. झाडाची उंची आता चाळीस फुटांच्या आसपास असेल. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच्या फांद्यांनी भिंत ओलांडली आणि आमच्याकडचे ऊन खऱ्या अर्थाने कमी झाले ते गेल्या पावसाळ्यानंतर.

झाड आपल्या दक्षिणेला असणे आणि उत्तरेला असणे यांत मोठा फरक आहे, आणि तो सूर्यच ठरवतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. हल्ली शाळांतली मुले त्या दिवशी अंगणात उभी राहून आपली सावली नाहीशी झालेली पाहतात. त्या दिवसांत काकांच्या आंब्याची दुपारची सावली त्याच्याच पायाशी गोळा झालेली असते, आणि मधल्या काळात सूर्य थोडा उत्तरेला सरकतो तेव्हा ती आणखीच त्यांच्या अंगणात जाते. काका तिथे खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतात. पुढे सूर्य दक्षिणेकडे उतरू लागला की सावली भिंत चढून आमच्याकडे येते. दिवाळीला चाळीस फुटांच्या झाडाची दुपारची सावली सुमारे सत्तावीस फूट पडते आणि डिसेंबरच्या अखेरीस छत्तीस. म्हणजे ज्या महिन्यांत सावली हवीशी वाटते त्या महिन्यांत ती त्यांची, आणि ज्या महिन्यांत ऊन हवे त्या महिन्यांत ती आमची. यात कोणाचा काही कावा नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कलला आहे, एवढेच.

शेवंतीला मात्र हे समजावून सांगता येत नाही. तिला फुलण्यासाठी लहान दिवस लागतात हे खरे, पण त्या लहान दिवसांतले ऊन पुरेपूर लागते. पानांतून गाळून आलेला प्रकाश भिंतीच्या सावलीतल्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो. पाने त्यातला तांबडा भाग शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा भाग खाली सोडतात. झाडांच्या अंगी हा फरक ओळखणारे एक द्रव्य असते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले आणि त्याला फायटोक्रोम असे नाव पडले. आपल्यावर दुसऱ्या झाडाची छाया आहे हे त्यामुळे रोपाला कळते आणि ते फुलायचे सोडून उंच व्हायच्या मागे लागते. आमच्या शेवंत्यांनी तसेच केले. माना लांब, पाने विरळ, आणि कळ्या मोजून सात.

नुकसान झाले ते असे. आता ते केले कोणी, हे विचारू लागले की माझी पंचाईत होते. काकांनी माझ्याकडून काहीच घेतलेले नाही. ते माझ्या जमिनीत आले नाहीत, त्यांनी काही टाकले नाही, काही मोडले नाही. त्यांनी एक झाड लावले, आणि झाडाने झाडाचे काम केले. आपली नीतीची भाषा मात्र कर्त्याशिवाय चालत नाही. दुखले म्हणजे कोणीतरी दुखवले असले पाहिजे, हे व्याकरण आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की कर्ता सापडला नाही तर आपण जवळचा माणूस त्या जागी बसवतो. आणि शेजाऱ्याइतके जवळ दुसरे कोण असते?

कायद्याने हा प्रश्न फार जुन्या काळापासून हाती घेतला आहे. इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास रोममध्ये जी बारा कोष्टके झाली त्यांत शेजारच्या झाडाच्या फांद्या पंधरा फुटांच्या मापाने छाटण्याचा नियम होता, आणि झाडाच्या सावलीने शेजारच्या जमिनीचे नुकसान होऊ नये हे त्याचे कारण, असे पुढच्या काळातला कायदेपंडित उल्पियन सांगतो. म्हणजे माझी तक्रार अडीच हजार वर्षांची जुनी आहे! त्याच रोमनांनी झाडाच्या मालकालाही शेजारच्या जमिनीत पडलेली फळे एक दिवसाआड जाऊन वेचण्याची मोकळीक दिली होती. इंग्लंडात 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात लॉर्डांच्या सभेने असे ठरवले की आपल्या हद्दीत आलेली फांदी आपण खुशाल छाटावी. शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकायचे नाही, एवढे पथ्य पाळले की आधी त्याला कळवण्याचीही गरज नाही. मात्र छाटलेल्या फांदीवरची फळे झाडाच्या मालकाचीच, असा निकाल १९१९ साली दुसऱ्या एका खटल्यात झाला. जर्मनीत याच्या उलट. तिथे फळ ज्याच्या जमिनीवर आपोआप गळून पडेल त्याचे. जपानचा कायदा मला सर्वांत गमतीचा वाटतो. भिंतीखालून आलेली मुळे तुम्ही स्वतः तोडा, पण वरून आलेली फांदी तोडायची तर ती मालकाला तोडायला सांगा, असा त्यांचा शंभराहून अधिक वर्षे नियम होता. २०२३ च्या एप्रिलपासून त्यांनी तो थोडा सैल केला आहे. सांगूनही मालकाने वाजवी मुदतीत फांदी काढली नाही, तर शेजाऱ्याने ती काढावी. सांगणे मात्र अजून सुटलेले नाही.

आपल्याकडे १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे. १८९१ साली तो मुंबई इलाख्याला लागू झाला. वीस वर्षे अखंड मिळालेल्या उजेडावर त्यात हक्क सांगता येतो. पण हा हक्क इमारतीला येणाऱ्या उजेडावर आहे. माझ्या खिडकीला तो मिळतो, माझ्या तुळशीला मिळत नाही. शिवाय शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि मोठ्या फांद्या उतरवायच्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. तेव्हा इंग्रज गृहस्थासारखे सकाळी उठून आकडी-कोयता घेऊन भिंतीपाशी जाण्याची इथे सोय नाही. ते एका परीने बरेच आहे.

समजा सोय असती, तरी काय झाले असते? इंग्लंडातल्या त्या निकालाकडे पुन्हा पाहावे. तो शेजाऱ्याला कोयता देतो, आणि त्याबरोबर शेजाऱ्याशी न बोलण्याची मुभाही देतो. हक्क या वस्तूचा तोच तर मोठा गुण आहे. ज्याला हक्क आहे त्याला कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. दुबळ्या माणसाला हे फार मोलाचे असते. सावकाराच्या, अधिकाऱ्याच्या, घरमालकाच्या दारात ज्याने विनवण्या केल्या आहेत त्याला विचारा. म्हणून हक्काची थट्टा करणाऱ्यांतली मी नाही. पण शेजार हे नातेच मुळी मागण्यावर उभे आहे. विरजण, वाटीभर साखर, परगावी जाताना घराची किल्ली. हे हिशेब कोणी चुकते करीत नाही. चुकते केले तर शेजार संपला असे समजावे. रात्री विरजण मागून नेलेल्या घरी सकाळी कोणी तेवढेच दही परत नेऊन दिले, तर त्या घरच्या बाईला अपमान वाटेल. जिथे सगळे मागून चालते तिथे एकच गोष्ट हक्काने घेतली, तर ती घेण्यापेक्षा घेण्याची रीत जास्त लागते.

आज्ञापत्रातले झाडांविषयीचे कलम येथे मला आठवते. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. आरमाराला लाकूड लागे, आणि आंबा-फणसाचे लाकूड त्या कामी उपयोगी. राज्याला अडवणार कोण? तरी अमात्यांनी बजावले आहे की या झाडांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. अगदीच एखादे झाड जीर्ण झालेले असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. ज्याच्या हाती सगळे आहे त्याने विचारावे, हा त्यातला विचार मला राज्यकारभारापेक्षा शेजारधर्माचा वाटतो.

पण आपल्याकडे कोयता चालवणारे थोडेच असतात. बहुतेक जण सोसतात. "जाऊ दे, शेजारी आहेत, कशाला बोलायचे," असे म्हणून गप्प बसतात, आणि याला आपण मोठेपणा म्हणतो. घरोघरी मुलींना हा मोठेपणा शिकवला जातो. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगणे हाच या लेखाचा खरा हेतू आहे.

गप्प बसणारा माणूस स्वस्थ बसलेला नसतो. तो दररोज सकाळी भिंतीकडे पाहतो. आज किती सावली आली, किती पाने पडली, याची मनात नोंद ठेवतो. पलीकडचा माणूस खुर्ची टाकून बसलेला दिसला की त्याला त्या बसण्यात निर्लज्जपणा दिसतो. वर्षभरात पुरावा गोळा होतो, पाच वर्षांत शिक्षा ठरते, आणि आरोपीला अजून आपल्यावर खटला चालू आहे याचा पत्ता नसतो. मग एके दिवशी दिवाळीचे ताट त्या घरी जात नाही. आणखी पुढे गेलेली माणसेही असतात. झाडाच्या बुंध्याला गिरमिटाने भोक पाडून त्यात हिंग भरला म्हणजे झाड बोभाटा न करता वाळते, अशी एक समजूत आहे. ती खरी की खोटी हे मी पाहायला गेले नाही; पण अशी समजूत असणे हेच आपल्या सोशिकपणाविषयी बरेच काही सांगते. कोयता निदान उजेडात चालतो, आणि फांदी पडताना आवाज होतो, तेव्हा त्यावर भांडण तरी करता येते. मुक्याने सोसणाऱ्याने दिलेली शिक्षा ऐकूच येत नाही.

आपल्या समाजाने तर सावलीचा गुन्हा करून दाखवलेला आहे. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीनपासून सकाळी नऊपर्यंत पुण्याच्या वेशीच्या आत येऊ देत नसत, कारण त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती एखाद्या ब्राह्मणावर पडेल, डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात हे नोंदवले आहे. डॉ. आंबेडकरांनीही १९३६ साली छापलेल्या आपल्या न झालेल्या भाषणात त्या सावलीच्या विटाळाची आठवण दिली. मी इथे तुलना करीत नाही. माझ्या शेवंतीचे नुकसान खरे आहे, आणि तो विटाळ खोटा होता; एकीकडे सात कळ्या आणि दुसरीकडे माणसांची आयुष्ये. पण मनाची एक खोड दोन्हीकडे ओळखू येते. जे माणसाने केलेले नाही, जे केवळ तो आहे म्हणून घडते, त्याबद्दल त्याला न विचारता दोषी धरायचे. त्याच शहरात, त्याच सूर्याखाली राहणाऱ्या माणसाने 'अमक्याची सावली' हे शब्द तक्रारीत वापरताना थोडे थांबावे, असे मला वाटते.

कीर्तनात ऐकलेली पारिजातकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. झाड सत्यभामेच्या दारी आणि फुले रुक्मिणीच्या अंगणात. त्यावर आपण हसतो, कृष्णाची लबाडी म्हणतो. पण सत्यभामेने केले काय पाहा! ती रुसली, भांडली, जाब विचारला, म्हणजे बोलली. गोष्ट इतकी गोड राहिली ती त्यामुळे. ती गप्प बसली असती तर द्वारकेत काय झाले असते कोणास ठाऊक. (पारिजातकाची सावली कोणाकडे पडत होती हे मात्र कोणीच सांगत नाही. फुलांवर हक्क सांगणारे पुष्कळ असतात.)

तर बोलावे. पण बोलण्यातही दोन जाती आहेत. खिशात कायदा ठेवून केलेली विनंती ही विनंती नसते, ती गोड शब्दांतली नोटीस असते. "तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरा मार्ग पाहीन," हे तोंडाने म्हटले नाही तरी समोरच्याला ऐकू जाते. मागणे खरे असेल तर नकाराची जागा त्यात मोकळी ठेवावी लागते, आणि तेच जड जाते. आपली मागणी रास्त आहे असे वाटत असताना समोरच्याच्या हाती 'नाही' द्यायचे, यात अपमानाचा धोका आहे. लोक गप्प बसतात ते सौजन्यामुळे कमी आणि या धोक्यामुळे जास्त, असा माझा अंदाज आहे.

कोजागरीनंतर मी काकांकडे गेले. म्हटले, "काका, तुमच्या आंब्यामुळे आमच्याकडे थंडीत ऊन येत नाही. एखाद-दुसरी फांदी कमी करता येईल का? नाही म्हणालात तरी चालेल."

"कुठली?" त्यांनी विचारले, आणि काठी घेऊन सरळ आमच्या अंगणात आले. बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. मग म्हणाले, "इकडून झाड वेगळंच दिसतं गं." इतक्या वर्षांत त्यांनी आपले झाड आमच्या बाजूने पाहिलेच नव्हते, आणि पाहण्याचे काही कारणही नव्हते.

त्यांनी काठीने वरची एक झुकलेली फांदी दाखवली. "ही काढू. पण ही खालची आडवी नाही. सगळ्यात जास्त हीच धरते. आणि आत्ता नाही हं. मोहोर यायच्या काड्या तयार झाल्यात, आता छाटलं तर या साली काही मिळायचं नाही. आंबा उतरला की जूनमध्ये काढू. तोवर मी महापालिकेत अर्ज देऊन ठेवतो."

म्हणजे दोन मागितल्या, एक मिळाली, तीही आठ महिन्यांनी. आणि जी आडवी फांदी सर्वांत जास्त ऊन अडवते तीच राहिली. मी रास्त भांडू शकले असते. पण त्यांचे कारण खोटे नव्हते. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावरच करतात, हे मलाही ठाऊक होते. आणि झाडाच्या जिवाचा विचार या प्रकरणात त्यांच्याशिवाय कोणी केलाच नव्हता.

तेवढ्यात काकू भिंतीपाशी आल्या. म्हणाल्या, "विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तुझ्या मधुमालतीची पानं आमच्या पन्हळीत साठतात बरं का. पावसाळ्यात दोनदा माणूस लावावा लागतो." हे त्या किती वर्षे सोसत होत्या ते मी विचारले नाही. वेल मागे ओढून बांधण्याचे लगेच ठरले. मागायला गेलेल्या माणसाला मागण्या ऐकून घ्याव्या लागतात, आणि ते योग्यच आहे.

आमच्या रस्त्यावरचे दोन बंगले या वर्षी पडले. तिथे आता सात मजल्यांची इमारत येणार आहे. नकाशा मंजूर आहे, अंतरे नियमाप्रमाणे सोडलेली आहेत. तिची सावली मागच्या तीन घरांवर पडेल, आणि ती हिवाळ्यात लांब आणि उन्हाळ्यात आखूड असेल, आंब्यासारखीच. त्या तीन घरांतल्या माणसांनी कोणाकडे जावे? बिल्डरच्या कचेरीत एक मुलगी बसते. ती फार नम्रपणे बोलते, आणि तिच्या हाती काहीही नाही. काकांच्या झाडाची सावली मला त्या दिवसापासून थोडी कमी गार वाटू लागली आहे. तिच्यामागे निदान एक माणूस आहे, त्याला काठी टेकत आमच्या अंगणात येता येते, आणि त्याला 'नाही' म्हणता येते.

शेवंतीच्या कुंड्या मी गच्चीवर नेल्या. भिंतीलगत पुढच्या पावसाळ्यात हळद आणि अळू लावीन. त्यांना अर्ध्या उन्हात चालते. तुळस पुढच्या दारी आणली. जूनमध्ये फांदी काढल्यावर छेदाला लावायला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट मी करून देईन, असे कबूल केले आहे.

एक गोष्ट विचारायची राहिली होती, म्हणून परवा विचारली. "काका, त्या जाणाऱ्या फांदीवर या साली आंबे आले तर ते कोणाचे?"

"जूनपर्यंत फांदी आमची," काका म्हणाले. "पण खाली पडलेले तुझे."

म्हणजे अर्धा निकाल इंग्लंडचा आणि अर्धा जर्मनीचा. काकू आतून ओरडल्या, की पाडाचे असतील तेवढे वरच झेल्याने काढून घ्या, खाली पडून फुटलेले कोणाला देऊ नका.